खंगणं हाही आजारच: दीर्घ दुखण्यातलं अन्न आणि उठबस

(धाराशिव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



स्मृतिव्याख्यानात वक्त्याने मोठा विषय मांडावा अशी अपेक्षा असते. माझा विषय दिसायला लहान आहे. ओपीडीत तपासणी संपते, गोळ्या लिहून होतात, रिपोर्ट पिशवीत परत जातात आणि नातेवाईक दारापर्यंत गेल्यावर वळून विचारतात, "डॉक्टर, यांना खायला काय द्यायचं?" बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "हलकं काहीतरी द्या." तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो. या दारातल्या प्रश्नालाच मी आजचा सगळा वेळ देणार आहे.

कारण साधं आहे. कर्करोग, क्षयरोग, किडनीचा विकार, लिव्हर सिरॉसिस, जुना दमा, दुबळं झालेलं हृदय, अर्धांगवायू ही दुखणी वर्षानुवर्षं चालतात. त्यांत माणूस खचतो तो नुसत्या मूळ रोगाने नव्हे. वजन उतरतं, मांड्या-पोटऱ्या ओसरतात, उठबस अवघड होते, मग अंथरूण, मग पाठीला जखमा, मग छातीत कफ. या उतरणीकडे आपण रोगाची सावली म्हणून बघतो: रोग मोठा आहे, माणूस वाळणारच. माझं म्हणणं असं, की खंगणं हा वेगळा, ओळखता येणारा, मोजता येणारा बिघाड आहे. लवकर पकडला तर त्याचा बराचसा भाग सावरता येतो. आणि बिघाड लवकर पकडण्याच्या कामात या जिल्ह्याचं नाव जगात आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

आपल्याकडे रोगी दोन तक्रारी करतात. एक, "जेवणावर वासनाच नाही." दुसरी, "खातोय तर बरंच, पण अंगी लागत नाही." या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिलीत पोटात कमी जातं. दुसरीत पोटात गेलेलं आतल्या आत जळतं. गंभीर आजारात बहुधा दोन्ही एकदम चालू असतात.

इथे उपासमार आणि आजारातलं खंगणं यांतला फरक समजून घेतला पाहिजे. या सभागृहात १९७२ चा दुष्काळ पाहिलेली मंडळी आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडलेले आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले लोक पुढे पाऊस पडला, शेतं पिकली, तसे अंगाने भरले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटलं, ते चिडचिडे झाले, उदास झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पुन्हा पोटभर अन्न मिळाल्यावर ते हळूहळू सावरले. निरोगी माणसाच्या उपासमारीवर अन्न हेच औषध आहे.

आजारात तसं होत नाही. दुष्काळात शहाणा शेतकरी आधी साठवलेला कडबा काढतो आणि बैल शक्य तितके दिवस दावणीला टिकवतो. उपाशी शरीरही आधी चरबी जाळतं आणि स्नायू जपतं. गंभीर आजारात मात्र गंजीत कडबा असतानाच शरीर बैल विकायला काढतं. रोगाशी झुंजताना रक्तात जी दाहकारक द्रव्यं सुटतात, ती मेंदूतली भूक मारतात आणि स्नायूंची मोडतोड सुरू करतात. १९८० च्या दशकात अशा एका द्रव्याचा शोध लागला, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला 'कॅशेक्टिन' असं नाव दिलं होतं, कारण प्राण्यांना खंगवणारा पदार्थ म्हणूनच ते सापडलं. म्हणून जाड माणूसही खंगू शकतो. पोट सुटलेलं दिसतं, पण मांडीतला स्नायू ओसरलेला असतो.

२०११ मध्ये कर्करोगातल्या या खंगण्याची व्याख्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवली. उपासमारीचं साधं कारण नसताना सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर ते खंगणं. मुळातच कृश असलेल्या माणसाला २ टक्क्यांहून जास्त घट पुरते. ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो गेले की ही रेषा गाठली. अडीच किलो कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. घरातल्यांना कळतं तेव्हा बांगड्या कोपराकडे सरकू लागलेल्या असतात, पोलकं ढगळ झालेलं असतं, पट्ट्याला नवं भोक पाडलेलं असतं. त्याच व्याख्येत एक कडू वाक्यही आहे: हे खंगणं नुसत्या जास्त खाण्याने पुरतं भरून येत नाही. म्हणजे उशीर झाल्यावर ताटात कितीही वाढलं तरी उपयोग कमी. सगळी किंमत लवकर हात घालण्याला आहे.

मग हात कुठे घालायचा? आधी भूक का गेली ते शोधायचं. भुकेचं टॉनिक लिहिणं सोपं असतं, कारण शोधणं कठीण. तोंडात पांढरी बुरशी आली आहे का? दुखणं दाबलेलं आहे का? वेदनेने कळवळणारा माणूस जेवत नाही. वेदनेसाठी मॉर्फिन चालू असेल तर बद्धकोष्ठ होणारच, मग त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून दिलं आहे का? चार दिवस पोट साफ न झालेल्या माणसाला "खा, खा" म्हणणं हा छळ आहे. दात नाहीत का? कवळी सैल झाली का? वजन उतरलं की हिरड्याही ओसरतात आणि जुनी कवळी घासते. साखरेची गोळी मळमळ करते का? मन उदास आहे का? यांतली जवळपास प्रत्येक गोष्ट साध्या दवाखान्यात हाताळता येते. या तपासणीला दहा मिनिटं लागतात. तेवढी मिळत नाहीत, ही खरी अडचण.

आता आजारागणिक पाहू. सगळ्यांबद्दल बोलणार नाही. आपल्या भागात जे जास्त दिसतं तेवढंच.

पहिला, तोंडाचा कर्करोग. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते आपण जाणता. सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा आधीच ताठ झालेली असते, तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत. त्यावर शस्त्रक्रिया, मग रेडिएशन. रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडाची आतली साल निघते, लाळ आटते, चव जाते. भाकरीचा तुकडा वाळूसारखा फिरतो. या काळात माणसाचं वजन झपाट्याने उतरतं आणि अशक्तपणापायी रेडिएशनमध्ये खंड पडला तर उपचाराचाच जोर कमी होतो. म्हणून नाकातून घालायच्या नळीची चर्चा उपचार सुरू होण्याआधी व्हायला हवी. आपल्याकडे नळी म्हणजे शेवट आला, अशी समजूत आहे. ती मोडली पाहिजे. ही नळी बहुतेकांना काही आठवड्यांची असते. तिच्यातून घरचंच पातळ, गाळलेलं अन्न जातं: दूध, ज्वारी-नाचणीची पेज, घोटलेली डाळ, शेंगदाण्याचं दूध, चमचाभर तेल. दोनच नियम जपायचे. देताना आणि दिल्यावर किमान अर्धा तास रोग्याला उशीला टेकवून बसतं ठेवायचं, नाहीतर अन्न छातीत उतरतं. आणि प्रत्येक वेळी पाणी घालून नळी धुवायची. तोंड उघडण्याचा व्यायाम मात्र रोजचा रोज. आइसक्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि दर काही दिवसांनी तीत एक काडी वाढवायची. हा व्यायाम चुकला तर रोग बरा झाल्यावरही माणूस आयुष्यभर पातळ अन्नावर राहतो.

दुसरा, गर्भाशयमुखाचा कर्करोग. आमच्या बायका अंगावर जाणं वर्षवर्ष सोसतात आणि मग येतात. तोवर गाठ वाढून लघवीच्या नळ्या दबलेल्या असतात. किडनीत तुंबतं, रक्तात युरिया वाढतो आणि त्याने मळमळ-उलट्या होतात. घरी सगळे म्हणतात, पित्त झालंय. पित्ताच्या गोळ्या चालू राहतात. गेलेली भूक हा इथे आतल्या मोठ्या बिघाडाचा निरोप असतो आणि तो साध्या रक्ततपासणीत वाचता येतो. पुढे ओटीपोटाला रेडिएशन दिल्यावर जुलाब लागतात. जुलाब थांबावेत म्हणून बाई खाणंच सोडते. खरं तर अशा वेळी ताक, मऊ भात, शिजवलेलं सफरचंद, मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवायचं. मसाला, तळलेलं, कच्ची कोशिंबीर तेवढी काही आठवडे दूर ठेवायची.

तिसरी, किडनी. पथ्याचा सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टर प्रथिनं आवरायला सांगतात, ते बरोबर असतं. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो, कारण प्रत्येक बैठकीत रक्तातून प्रथिनांचे घटकही धुऊन जातात. आता किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. पण घरात दोन वर्षांपूर्वीचा कागद भिंतीला लावलेला असतो: "डाळ बंद." आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिस आणि ताटात भात अन् दुधी. असा माणूस वाळला नाही तरच नवल. अंड्याच्या पांढऱ्या भागाला इथे तोड नाही. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. आणि भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना हात जोडून सांगतो, किडनीच्या रोग्याला शहाळं नेऊ नका. त्यातलं पोटॅशियम त्याच्या हृदयाला बाधू शकतं.

लिव्हर सिरॉसिसबद्दल एकच गोष्ट. या रोग्याचं यकृत साठा करू शकत नाही. रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंतचा उपास त्याच्या शरीराला दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो. म्हणून झोपताना दूध-पोहे, लाडू, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. त्याच्या पोटात पाणी भरलेलं असतं, म्हणून काट्यावर वजन वाढलेलं दिसतं आणि दंड काडीसारखे झालेले असतात. हृदयविकारातही पायाची सूज अशीच वजन लपवते. या दोघांचा काटा खोटं बोलतो. त्यांचे दंड आणि पोटऱ्या बघा.

धाप लागणाऱ्या जुन्या दमेकऱ्याला, आणि चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्या आमच्या आज्यांना, घास चावता चावता दम लागतो. दोन मोठी जेवणं त्यांना झेपत नाहीत. सहा लहान जेवणं झेपतात.

आणि क्षयरोग. अन्न हा उपचार आहे की पुण्यकर्म, या वादाचा निकाल लावणारा अभ्यास झारखंडमध्ये झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखालच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २,८०० क्षयरुग्णांना औषधांसोबत दरमहा धान्य-डाळ-दूधभुकटी-तेलाचा शिधा दिला गेला. रोजच्या हिशेबाने सुमारे १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. घरातल्या १०,३४५ माणसांपैकी ज्या घरांना त्यांच्या वाट्याचाही शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटलं. एखाद्या लसीने एवढं केलं असतं तर पेढे वाटले असते. सरकारने निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये रोग्याच्या खात्यावर द्यायला सुरुवात केली, ती योग्यच. पण ते पैसे डाळ-अंड्यावर जातात की किराण्याच्या उधारीवर, हे घरातल्या परिस्थितीवर ठरतं.

आता पथ्याबद्दल. आपल्या समाजात पथ्य म्हणजे काय खायचं नाही याची यादी. एका माणसाला साखर, रक्तदाब आणि किडनी असे तीन आजार असले, की तीन दवाखान्यांचे तीन कागद होतात. एकाने भात बंद केलेला, दुसऱ्याने मीठ-लोणचं, तिसऱ्याने डाळ, पालेभाजी, फळं. त्यावर शेजाऱ्याने दूध कफ करतं म्हणून बंद केलेलं आणि मोबाइलवरच्या व्हिडिओने साखर खाल्ली की गाठ वाढते म्हणून गूळही काढलेला. कर्करोगाचा रोगी चहात साखर घालतो म्हणून त्याची गाठ वाढत नाही. पण सगळं सोडल्याने तो मात्र नक्की खंगतो. प्रत्येक मनाईसोबत डॉक्टरने एक गोष्ट लिहून द्यावी: मग याऐवजी काय खायचं.

आणि ज्या गोष्टींना आपण ताकदीचं मानतो त्यांचा हिशेब पाहा. "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. कॅलरी शंभरच्या आत. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत त्याच्या दुपटीच्या आसपास. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तर कॅलरी शून्य. पाणी कमी झालेल्याला सलाईन जीवदान देतं, पण ते जेवण नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नावालाच. ग्लुकोजची बिस्किटं तशीच. उलट आपल्या घरात काय आहे? १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच शेंगदाण्यात सुमारे २५, ज्वारीत सुमारे १०, एका अंड्यात ६. हुलग्याचं माडगं, दुधातल्या ज्वारीच्या कण्या, दाण्याचं कूट घातलेलं गरगटं, दह्यातलं धपाटं, भूमचा खवा, उस्मानाबादी शेळीचं दूध आणि ज्यांना चालतं त्यांना तिच्या मटणाचा रस्सा. यातलं काहीही औषधाच्या दुकानात मिळत नाही आणि डब्यातल्या महागड्या पावडरीच्या तुलनेत काहीच कमी नाही. वरण मात्र घट्ट करा. आपल्या वरणात पाणीच जास्त असतं.

एक धोक्याची सूचनाही द्यायला हवी. ज्याच्या पोटात आठ-दहा दिवस काही गेलेलं नाही, त्याला एकदम भरपेट, गोड, जड देऊ नये. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम एकाएकी उतरतं आणि हृदय दगा देऊ शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. अशा माणसाला थोड्यापासून सुरुवात करायची, ब१ जीवनसत्त्व द्यायचं आणि काही दिवस रक्त तपासत वाढवायचं.

अन्नाइतकीच महत्त्वाची दुसरी बाजू उठबशीची. "आजारी माणसाने आराम करावा," हे वाक्य प्रेमातून येतं आणि घात करतं. अमेरिकेत साठी ओलांडलेल्या निरोगी लोकांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आलं. खाणं-पिणं व्यवस्थित होतं. तरीही दहा दिवसांत पायांतला सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू गेला. निरोगी माणसाची ही कथा. ताप, दाह आणि उपास असलेल्याचं काय होत असेल? शिवाय स्नायू नुसत्या प्रथिनांनी वाढत नाही, त्याला ताण लागतो. खाणं आणि हालचाल एकत्र असली तरच खाल्लेलं अंगी लागतं.

कर्करोगाचे डॉक्टर रोग्याला शून्यापासून चारपर्यंत एक श्रेणी देतात. शून्य म्हणजे सगळी कामं पूर्वीसारखी, चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. तीन-चारच्या श्रेणीतल्या माणसाला किमोचा जोर सहसा झेपत नाही आणि अनेकदा ती थांबवावी लागते. म्हणजे औषध उपलब्ध आहे, खर्च सरकारी योजनेतून निघतो आहे, पण माणूस खुर्चीतून उठू शकत नाही, म्हणून उपचार हुकतो.

आपल्या घरांत उठबशीची खरी परीक्षा संडासात होते. उकिडवं बसून उठणं जमेनासं झालं की माणूस कमी खायला लागतो, कमी पाणी पितो, कारण त्याला कुणाला हाक मारायची लाज वाटते. मी कित्येक आजी-आजोबांची भूक संडासातल्या खुर्चीने परत आलेली पाहिली आहे. मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीला एक दांडी, एवढ्याचा खर्च एका सलाईनपेक्षा फार जास्त नाही.

या सगळ्याला घराचं अर्थकारण आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा, किमोचा खर्च निघतो. घरी परतल्यावरच्या डाळ-अंड्याचा, बुडालेल्या मजुरीचा निघत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला रोगी एकतर कोपीवर जातो, नाहीतर गावी म्हाताऱ्यांच्या हवाली राहतो. दोन्हीकडे त्याच्या ताटाकडे बघायला कुणी नसतं. आणि रोगी बाई असली तर ती स्वतःच स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते आणि उरलेलं खाते. किमोहून आल्यावर फोडणीच्या वासाने उलटी येते, तरी चुलीपुढे तीच. पुरुष आजारी पडला की घर त्याच्याभोवती फिरतं. बाई आजारी पडली की घर तिच्यावरच फिरत राहतं. पोषणाचा सल्ला देताना ती बाई कधी जेवते आणि कोण वाढतं, हे विचारल्याशिवाय तो सल्ला अपुरा आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आजाराचा एक टप्पा असा येतो, की शरीर अन्न स्वीकारत नाही. शेवटच्या दिवसांत माणूस खात नाही म्हणून मरत नसतो. तो जात असतो म्हणून खात नसतो. त्या वेळी घास कोंबणं, नळी घालणं, सलाईनवर सलाईन लावणं याने धाप वाढते, सूज वाढते. तोंड ओलं ठेवायचं, ओठांना तूप लावायचं, मागितलं तर चमचाभर हवं ते द्यायचं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या रोग्यांसाठी शांती आवेदना सदन सुरू झालं, तेव्हापासून देशात अशा शुश्रूषेचं काम वाढत गेलं. जेवण न भरवणाऱ्या सुनेवर किंवा मुलावर भावकीने बोट ठेवू नये, एवढं तरी गावपातळीवर आपण ठरवू शकतो.

आता या जिल्ह्याकडे येतो. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण त्या नोंदणीत आपले भूम आणि परंडा तालुके आहेत. खेड्यातला माणूस दवाखान्यात येईल आणि मग त्याची नोंद होईल, अशी वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणं सांगितली, संशयितांना तपासणीला आणलं. परिणाम असा झाला, की गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. औषध नवं नव्हतं. बघणारा डोळा घरापर्यंत पोहोचला होता.

त्याच पायावर १९९९ पासून या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लिऑन इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. आर. शंकरनारायणन ही त्यातली ठळक नावं. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: या कर्करोगामागचा विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. तुलनेच्या गटाला तपासणी न दिल्याबद्दल पुढे या अभ्यासावर टीका झाली, आणि आपल्या आया-बहिणींबद्दलची ती टीका आपण विसरू नये. पण जगभरच्या तपासणीच्या धोरणात उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं, नाव वाचलं जातं ते या बायकांमुळे. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवून उभं केलं, तेही याच मातीत. घरापर्यंत जाऊन, साध्या साधनाने, वेळेत बघणं ही या जिल्ह्याची शिकलेली विद्या आहे. ती खंगण्याला लावायची.

साधनं फार थोडी लागतात. वजनकाटा. शिंप्याची टेप: पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर पुरुषात ३४ आणि स्त्रीत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी, असं आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सुचवलं. आपल्याकडच्या मुळात बारीक अंगाच्या बायकांत हा आकडा आधीच कमी असू शकतो, म्हणून गेल्या महिन्याच्या मापाशी तुलना जास्त मोलाची. तिसरी, खुर्ची: हात छातीशी बांधून पाच वेळा उठबस. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर ताकद घटते आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती भरायला आशाताई घरी जातातच. दीर्घ आजाराच्या घरी महिन्यातून एकदा या तीन नोंदी घेता येतील. त्यांच्यावर कामांचा आधीच डोंगर आहे, म्हणून या नोंदींचा मोबदलाही ठरला पाहिजे. ५ टक्के वजन उतरलं की रोगी प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि तिथे भुकेच्या कारणांची ती दहा मिनिटांची तपासणी. जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या बाह्यरुग्ण विभागात आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी एकाच टेबलावर बसून हे रोगी बघावेत, अशी माझी जाहीर मागणी आहे.

आणि यातलं एक काम कुठल्याही शासननिर्णयाची वाट न बघता उद्यापासून होऊ शकतं. आपल्या घरातल्या रोग्याचा केसपेपर हातात आला की त्यावर वजन लिहिलंय का ते बघा. रकाना रिकामा असेल तर टेबलासमोरून उठू नका. "आधी वजन करा, मागच्या वेळचं किती होतं ते सांगा, आणि कमी झालं असेल तर का झालं ते बघा," असं डॉक्टरांना म्हणा. आमच्यापैकी काहींना ते सुरुवातीला आवडणार नाही. तरीही म्हणा. रक्ताच्या रिपोर्टइतकाच तो आकडा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.